आकाशातली धूळ, शिवारातली पेटी

हिवाळ्याच्या तोंडाशी वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर अधूनमधून एक निवेदन येते. निविदा, नावबदलाच्या नोटिसा आणि हरवलेल्या गुणपत्रिका यांच्या गर्दीत ते बहुधा कुणी वाचत नाही. हैदराबादहून संशोधनासाठी मोठाले फुगे सोडले जाणार आहेत, त्यांना टांगलेली उपकरणे रंगीत पॅराशूटने खाली उतरतील, ती कुणास आढळल्यास उघडू नयेत, हलवू नयेत. जवळच्या पोलीस ठाण्याला, टपाल कचेरीला किंवा जिल्हा प्रशासनाला कळवावे. कळवणाऱ्यास योग्य बक्षीस आणि झालेला वाजवी खर्च मिळेल, मात्र छेडछाड झालेली आढळल्यास बक्षीस मिळणार नाही. खाली जिल्ह्यांची लांबलचक यादी असते. महाराष्ट्राच्या यादीत मराठवाड्यातले आणि विदर्भातले जिल्हे असतात, आणि त्यांत आमच्या हिंगोलीचेही नाव असते.

बँकेत उमेद घालवलेल्या माणसाला बारीक टायपातला मजकूर आधी वाचण्याची खोड असते. अटी आणि शर्ती वाचल्याशिवाय आमची सही होत नाही. त्या नजरेने हे निवेदन वाचले तर त्यात अटी सगळ्या आहेत, शर्तीही आहेत, फक्त मूळ व्यवहार काय तेवढेच नाही. पेटीत आहे काय? ती वर कशासाठी गेली होती? तिने तिथे काय पाहिले? ज्याच्या तुरीच्या ओळींत ती उतरणार, त्याला हे सांगावे असे कुणाला वाटलेले दिसत नाही. त्याने फक्त हात लावायचा नाही.

मला वाटते, हे सांगितले गेले पाहिजे. केवळ सौजन्य म्हणून नव्हे. त्या पेट्यांतल्या एका पेटीची गोष्ट अशी आहे की ती ऐकल्यावर मोजमाप या गोष्टीकडे पाहण्याची आपली दृष्टीच बदलावी. आणि मोजमाप हा आमच्या भागात काही फावल्या वेळचा विषय नाही.

हैदराबाद आम्हांला परके नाही. १९५६पर्यंत आमचा सगळा मुलूख हैदराबाद राज्यातच होता. तिथून पूर्वी फर्माने येत, आता वाऱ्यावर फुगे येतात, इतकाच फरक. हवाई अंतर मोजले तर ते शहर हिंगोलीपासून तीनशे किलोमीटरच्या आत आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे फुगे सोडण्याचे केंद्र तिथे आहे. फुगा म्हणजे जत्रेतला नव्हे. अतिशय पातळ पॉलिथीनचा, हायड्रोजन भरलेला, फुगल्यावर पन्नास ते पंचाऐंशी मीटर व्यासाचा. तो तीस ते बेचाळीस किलोमीटर उंचीवर जातो. विमाने उडतात त्याच्या तिप्पट-चौपट वर. अशा फुग्यांना टांगून अनेक वर्षे एक मीटर व्यासाच्या आरशाची एक दुर्बीण पाठवली गेली. ती दुर्बीण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी स्वतः बांधलेली. तिचे काम एका वाक्यात सांगायचे तर, आकाशातल्या धुळीचा ताप मोजणे.

धुळीचा ताप! वाचणाऱ्याला हसू येईल. आपल्या भाषेत धुळीला मान नाही. वस्तू निरुपयोगी झाली की धूळ खात पडते, पैलवान हरला की धूळ चाटतो, वैभव गेले की धुळीस मिळते. आणि कुणाला फसवायचे असेल तर त्याच्या डोळ्यांत धूळ फेकतात. हा शेवटचा वाक्प्रचार मात्र खगोलशास्त्राला तंतोतंत लागू पडतो. कारण धुळीने खगोलशास्त्रज्ञांच्या डोळ्यांत धूळ फेकली ती शे-दीडशे वर्षे.

अठराव्या शतकात विल्यम हर्शेलला आकाशगंगेच्या दाट तारकांमध्ये काही काळे रिकामे तुकडे दिसले. त्याला ती आकाशातली भोके वाटली. एडवर्ड बर्नार्ड या अमेरिकन ज्योतिर्विदाने अशा काळ्या डागांची छायाचित्रे घेऊन १९१९ साली त्यांची यादीच छापली. तिच्यात १८२ डाग होते. ते भोके नाहीत, मागच्या ताऱ्यांना झाकणारे ढग आहेत, हे हळूहळू पटत गेले. १९३० साली रॉबर्ट ट्रम्प्लर याने दाखवून दिले की काळे डाग सोडाच, ताऱ्यांमधल्या रिकाम्या वाटणाऱ्या जागेतही धूळ पसरलेली आहे आणि ती दूरच्या ताऱ्यांचा उजेड खाते. म्हणजे तोवर उजेडावरून काढलेली दूरच्या तारकासमूहांची अंतरे वाजवीपेक्षा जास्त आली होती. तारा मंद दिसला की तो लांब आहे असे धरले जाई. मधे धूळ आहे, हे कुणी हिशेबात घेतले नव्हते.

ही धूळ आपल्या गाडीवाटेवरच्या फुफाट्यासारखी नाही. तिचा कण सिगारेटच्या धुरातल्या कणांइतका बारीक असतो, मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा. वाळूच्या जातीची खनिजे, काजळीसारखा कार्बन, आणि थंड जागी त्यावर चढलेला बर्फाचा लेप. म्हातारे तारे आपला बाहेरचा थर अवकाशात सोडून देतात, त्यातून ती जमते. ढगात वजनाने नव्व्याण्णव भाग वायू आणि एक भाग धूळ. पण तो एक भागच साऱ्या कारभाराचा मुनीम आहे. हायड्रोजनचे सुटे अणू या कणांवर येऊन बसतात आणि तिथे त्यांच्या जोड्या जमतात. बाहेरच्या ताऱ्यांच्या प्रखर किरणांपासून ढगाचे पोट हीच धूळ झाकून ठेवते. पोट थंड राहते, थंड राहिले तरच ते स्वतःच्या वजनाने आत खचते आणि तिथे नवा तारा जन्मतो. गरम ढग फुगून राहतो, खचत नाही. म्हणून ताऱ्यांच्या बाळंतिणीच्या खोलीत काय चालले आहे हे कळायचे असेल तर दोन प्रश्नांची उत्तरे हवीत. धूळ किती आहे? आणि ती किती थंड आहे?

वायू तर नव्व्याण्णव भाग आहे, मग तोच का मोजत नाहीत? कारण इतक्या थंडीत हायड्रोजनचा रेणू जवळजवळ मुका असतो, त्याच्याकडून काही संदेशच येत नाही. मालक बोलत नाही, तेव्हा मुनिमाच्या वहीवरून मालमत्ता काढायची.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर उजेड किती खाल्ला गेला यावरून काढतात. शास्त्रज्ञ त्याला ‘एक्स्टिंक्शन’ म्हणतात, आपण प्रकाशलोप म्हणू. सर्वांत जुनी रीत ताऱ्यांची मोजदाद करण्याची. ढगाशेजारच्या मोकळ्या तुकड्यात शंभर तारे दिसतात आणि ढगावरच्या तेवढ्याच तुकड्यात पाच, तर उरलेले गेले कुठे? धुळीने गिळले. त्या संख्येवरून धुळीची जाडी काढायची. दुसरी रीत रंगावरून. चैत्रात कयाधूच्या काठावर उभे राहून मावळता सूर्य पाहावा. हवेत धूळ असते आणि सूर्य तांबडालाल दिसतो. बारीक कण निळा उजेड जास्त अडवतात, तांबडा कमी. ताऱ्याचेही तसेच होते. तो मुळात कोणत्या रंगाचा असायला हवा हे माहीत असेल, तर तो किती तांबडा पडला यावरून मधल्या धुळीचे माप निघते. आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात ही रीत फार चांगली चालते, कारण तो प्रकाश धुळीतून बराच आरपार जातो. आपल्या आकाशगंगेच्या मध्याकडून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या एक लाख कोटी कणांमधला जेमतेम एक आपल्यापर्यंत पोहोचतो. अवरक्तात मात्र साधारण दहांतला एक पोहोचतो. १९९७ ते २००१ या काळात ॲरिझोना आणि चिली इथल्या दोन दुर्बिणींनी साऱ्या आकाशाची अशी अवरक्त पाहणी केली आणि ढगांच्या धुळीचे नकाशे काढण्याला मोठा आधार मिळाला. आपल्या टाटा संस्थेनेही अशी उपकरणे घडवली आहेत. त्यांतले एक लडाखमधल्या हानले इथल्या दोन मीटरच्या दुर्बिणीवर बसवलेले आहे.

मग झाले की काम! दुसऱ्या मापाची गरज काय?

ही गरज मला गोदामात शिकायला मिळाली. शेतमाल तारण ठेवून कर्ज दिले की अधिकाऱ्याने अधूनमधून गोदामात जाऊन माल तपासायचा असतो. वसमतकडे हळदीचे कट्टे छतापर्यंत रचलेले असत. लांबीत इतके, रुंदीत इतके, उंचीत इतके, करा गुणाकार. पण डोळ्यांना दिसतात ते दर्शनी कट्टे. थप्पीच्या पोटात कट्टे आहेत की पोकळी, हे दर्शनी बाजू सांगत नाही. म्हणून जुने जाणते अधिकारी थप्पी मोजून झाली की हमालीची वही मागत. किती कट्टे उतरवल्याची मजुरी हमालांना दिली? गोदामाच्या मालकाने थप्पी हवी तशी रचली तरी हमालाची मजुरी वेगळ्या वहीत, वेगळ्या हाताने लिहिलेली असते. दोन्ही आकडे जुळले तरच शेरा मारायचा. ताळा म्हणतात तो हा. एकच वही दोनदा बेरजून ताळा होत नाही. दुसरी वही दुसऱ्याची लागते.

ढगाच्या बाबतीत प्रकाशलोप ही थप्पीची मोजणी आहे. ढग फारच दाट असला की मागचा एकही तारा दिसत नाही. मग मोजणार काय? नेमक्या ज्या पोटात तारे जन्मत असतात तिथेच ही वही कोरी राहते. तिथे हमालीची वही लागते, आणि ती म्हणजे धुळीची ऊब. खाल्लेला उजेड कुठे जातो? तो धुळीचा कण किंचित उबवतो आणि ती ऊब कण पुन्हा बाहेर टाकतो. जे खाल्ले ते दुसऱ्या नाण्यात परत मिळते.

ते नाणे कोणते हे लोहाराला विचारावे. नांगराचा फाळ शेवटताना त्याच्या हातात तापमापक नसतो. लोखंड आधी तांबडे, मग केशरी, मग पिवळे होते, आणि त्या रंगावरून तो ताप ओळखतो. लोखंड निवत गेले की रंग तांबड्यापलीकडे जातो. डोळ्यांना दिसत नाही पण हाताला धग लागते. आणखी निवले की आणखी पलीकडे. हाच नियम शेवटपर्यंत लागू पडतो. आपल्या अंगाची ऊब सुमारे नऊ-साडेनऊ मायक्रॉन लांबीच्या लहरींत सर्वाधिक असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ढगातली धूळ निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम वीस अंश, म्हणजे आपल्या मापाने उणे २५३ अंश सेल्सिअस असते. तिची ‘धग’ सुमारे दीडशे मायक्रॉनच्या आसपास निघते. तांबड्या रंगापलीकडेही काही आहे हे १८०० साली तापमापक ठेवून दाखवले ते त्याच विल्यम हर्शेलने, ज्याला ढग म्हणजे आकाशातली भोके वाटली होती. त्या भोकांत काय आहे हे पाहण्याचे साधन त्यानेच शोधून ठेवले होते.

अडचण एकच. या लहरी हवेतल्या बाष्पाने पिऊन टाकल्या जातात. हिंगोलीच्या माळावर काय आणि हिमालयाच्या बऱ्याच उंचीवर काय, त्या जमिनीपर्यंत पोहोचतच नाहीत. दुर्बीण हवेच्या वर न्यायला हवी. श्रीमंत देशांनी उपग्रह पाठवले. हर्शेलच्याच नावाची युरोपची साडेतीन मीटर आरशाची दुर्बीण २००९ ते २०१३ अवकाशात होती आणि तिने याच कामात फार मोठी मजल मारली. टाटा संस्थेच्या लोकांनी त्याच्या कितीतरी आधी आपल्या ऐपतीतला मार्ग धरला, तो फुग्याचा. तीस किलोमीटरच्या वर गेले की जवळजवळ सगळे बाष्प पायाखाली राहते.

मात्र थंड वस्तू मोजायची तर मापही थंड हवे. तापलेल्या हाताला दुसऱ्याचा ताप कळत नाही. म्हणून १९९०च्या दशकात त्या दुर्बिणीतले संवेदक द्रव हीलियमच्या साहाय्याने निरपेक्ष शून्याच्या वर ०.३ अंशांपर्यंत थंड केलेले असत. ती दुर्बीण एकाच वेळी दोन पट्ट्यांत आकाश पाहत असे. एक पट्टा साधारण १४० मायक्रॉनजवळचा, दुसरा २००च्या आसपासचा. दोन पट्ट्यांतल्या तेजाचे प्रमाण कळले की, लोहाराच्या रंगासारखा, धुळीचा ताप निघतो.

या दुर्बिणीने पाहिलेल्या जागांपैकी एक प्रत्येक शेतकऱ्याच्या ओळखीची आहे. मृग! नक्षत्र निघाले की नाही यावर आमच्याकडे वर्षाचे गणित ठरते. त्याच मृगात, त्याच्या पोटात घुसलेल्या बाणाच्या तीन ताऱ्यांच्या आसपास, सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवर ताऱ्यांना जन्म देणारे प्रचंड ढग आहेत. त्यांतल्या थंड धुळीचे नकाशे भास्वती मुखर्जी, स्वर्णकांती घोष, श्याम टंडन आदी शास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केले. निरपेक्ष शून्याच्या वर पंचवीस अंशांहूनही थंड असलेली धूळ त्यांना त्या ढगांत सापडली. त्याआधीच्या उपग्रहाला मुख्यतः उबदार धूळ दिसली होती, कारण त्याचे डोळे शंभर मायक्रॉनपर्यंतच पाहत होते. थंड धूळ त्याच्या नजरेच्या पलीकडे राहिली. पुढे १९९९पासून जपानी शास्त्रज्ञांनी घडवलेला वर्णपटमापक याच दुर्बिणीला जोडून उड्डाणे झाली.

आता या दुसऱ्या वहीतही खोट असू शकते, हे सांगितलेच पाहिजे. ढगातली थोडी उबदार धूळ पुष्कळशा थंड धुळीपेक्षा मोठ्याने बोलते. सभेत चार जण ओरडले की चारशे गप्प बसलेल्यांचे मत कळत नाही, तसे. सरासरी ताप वाजवीपेक्षा जास्त निघतो आणि त्यामुळे धूळ कमी भरते. हा फरक किरकोळ नव्हे. दोनशे मायक्रॉनच्या पट्ट्यात पंधरा अंशांची धूळ वीस अंशांची समजली, तर तिचे वजन खऱ्याच्या साधारण एक तृतीयांशच येते. पाच अंशांची गफलत आणि दोन तृतीयांश माल गायब. म्हणून मग पुन्हा प्रकाशलोपाची वही उघडायची. जिथे दोन्ही जुळतात तिथे आकडा पक्का. जिथे जुळत नाहीत तिथे कुणी लबाडी केली असे नव्हे, तिथे काही नवीन घडते आहे. एखादा तारा आत पेटून भोवतीची धूळ तापवतो आहे, किंवा दाट जागी कण एकमेकांना चिकटून मोठे झाले आहेत. न जुळणारी बाकी हीच संशोधनाची खरी कमाई.

या सगळ्यात शेतकरी कुठे आला?

तो पहिल्यापासून आहे. उपग्रह एकदा गेला की परत येत नाही. फुग्याची दुर्बीण मात्र रात्रभर आकाश पाहून, दोरी तोडण्याचा संदेश मिळाल्यावर पॅराशूटने खाली येते. ती कुठे येणार हे वारा ठरवतो. कुणाच्या ज्वारीत, कुणाच्या उसात, कुणाच्या बांधावर. तिथून ती सुखरूप परत गेली तरच दुरुस्त होऊन पुन्हा उडते. ती एक दुर्बीण पुनःपुन्हा, वर्षानुवर्षे उडत राहिली, याचा अर्थ काय? कुणीतरी शेतकऱ्याने तिच्या तारा कापल्या नाहीत, आरसा फोडला नाही, पातळ प्लॅस्टिकचा ढीग पाहून घरच्या गळक्या छपराची आठवण झाली तरी आधी पोलीस पाटलाला कळवले. शोधनिबंधावर त्याचे नाव घालण्याची पद्धत नाही. पण मृगातल्या त्या नकाशाला त्याचाही हात लागला आहे, आणि तो हात न लावल्यामुळे लागला आहे!

दुसरे उदाहरण आपल्या जयंत नारळीकरांचे. २००५ साली त्यांच्या नेतृत्वाखाली हैदराबादहूनच एक फुगा सोडला गेला. वीस ते एकेचाळीस किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून ती पॅराशूटने खाली आणली. तपासणीत पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचे योगेश शौचेही होते. जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्याचे २००९ साली जाहीर झाले. त्यांतल्या एकीला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांचे नाव दिले गेले. खाली पडलेले नळकांडे कुतूहलापोटी कुणी उघडले असते, तर त्या प्रयोगात काय उरले असते?

आणि सांगितले नाही तर काय होते तेही आपण पाहिले आहे. डिसेंबर २०२२मध्ये तेलंगणातल्या विकाराबाद जिल्ह्यातल्या एका गावाच्या शेतात असेच एक मोठे धूड उतरले. एका स्पॅनिश कंपनीच्या चाचणीची ती कुपी होती, हैदराबादच्या फुग्याने वर गेलेली. गावात उडत्या तबकडीची आवई उठली, शेकडो माणसे जमली. त्या माणसांना अडाणी म्हणून हसणे सोपे आहे. ज्याला काहीच कळवलेले नसते, त्याने तर्क करायचा नाही तर काय करायचे?

‘पण याचा आम्हांला उपयोग काय?’ हा प्रश्न आमच्याकडे विचारला जाईल आणि तो विचारण्याचा हक्क आहे. धुळीचा ताप कळल्याने हळदीचा भाव वाढणार नाही, कापसावरची अळी जाणार नाही. फाळातले लोखंड, हाडांतले कॅल्शियम कधीकाळी अशाच ढगातली धूळ होते, हे उत्तर खरे आहे, पण ते पोट भरलेल्या माणसाचे उत्तर आहे.

माझे उत्तर वेगळे आहे. आमच्या शेतकऱ्याचे जगणे दुसऱ्यांनी केलेल्या मोजमापावर चालते. गावाची पैसेवारी पन्नास पैशांच्या वर की खाली, यावर सवलती ठरतात. आधी नजरअंदाज होतो, मग पीककापणी प्रयोग होतो. विम्याची भरपाई मंडळाच्या सरासरीवर मिळते. आता उपग्रहांच्या चित्रांचाही आधार घेतला जाऊ लागला आहे. ज्याचे पीक बुडाले त्याच्या शेताला कुणाचा हातही लागलेला नसतो आणि आकडा ठरून गेलेला असतो. न शिवता मोजणे ही आता केवळ खगोलशास्त्राची गोष्ट राहिलेली नाही. मग न शिवता प्रामाणिकपणे कसे मोजतात, हे ज्यांनी शंभर वर्षे खपून शिकले त्यांच्याकडून आपणही शिकावे. एका मापावर विसंबू नये. दुसरे माप दुसऱ्या वाटेने आलेले असावे. सरासरीत मोठ्याने बोलणारे थोडे जण गप्प असलेल्या पुष्कळांना झाकत नाहीत ना, हे पाहावे. आणि दोन आकडे जुळले नाहीत तर गैरसोयीचा आकडा खोडू नये, तो का आला ते शोधावे. ज्या मुलाला मृगातल्या धुळीवरून हे समजेल, तो उद्या ग्रामसभेत पैसेवारीच्या आकड्याला योग्य प्रश्न विचारेल. मला हा उपयोग थोडाथोडका वाटत नाही.

हिंगोलीच्या दृष्टीने तर हा प्रश्न आता निवेदनापुरता उरलेला नाही. १९९९ साली परभणीतून वेगळ्या झालेल्या या लहानशा जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही प्रयोगशाळा व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची ती काटकोनी रचना. तिचाही प्राण ताळ्यात आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली गेली तेव्हा ती अमेरिकेत तीन हजार किलोमीटर अंतरावरच्या दोन केंद्रांत उमटली, म्हणूनच तिच्यावर विश्वास बसला. हिंगोलीचे केंद्र जगाच्या या वहीतला आणखी एक साक्षीदार असेल. नामदेवांच्या नर्सीच्या जिल्ह्याला ही साक्ष शोभून दिसेल. पण जमीन आमची, शांतता आमची, आणि आत काय चालले आहे ते आमच्या भाषेत सांगणारे कुणी नाही, असे इथेही व्हायला नको.

म्हणून मागणी साधी आहे. निवेदनात चार ओळी वाढवा. फुगा कशासाठी जातो, पेटीत काय आहे, ती फुटली तर कशाचे नुकसान होईल, हे सोप्या मराठीत लिहा आणि ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. पेटी नेण्यासाठी माणसे येतीलच, त्यांनी जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तासभर थांबावे आणि मुलांना तो आरसा लांबून का होईना दाखवावा. ज्या गावातून ती सुखरूप गेली, त्या गावाला तिने काढलेला नकाशा नंतर पाठवावा. बक्षिसाच्या रकमेपेक्षा तो कागद शाळेच्या भिंतीवर अधिक टिकेल.

आणि आपल्या बाजूने? रंगीत पॅराशूट दिसले की पोरांना लांब ठेवावे. आत विजेचा जबर दाब असलेली उपकरणे असू शकतात. दोरी कापू नये, पेटी उलटी करू नये, ठाण्यावर कळवावे आणि माणसे येईपर्यंत राखण करावी. आपल्या शिवारात पाहुणा आला की त्याला पाणी विचारतो आणि त्याच्या गाठोड्याला हात लावत नाही, तेवढेच. मात्र पेटी न्यायला माणसे आली की त्यांना एक प्रश्न जरूर विचारावा: वर काय दिसले? त्यांनी उत्तर दिल्याशिवाय त्यांना चहा घेऊन जाऊ देऊ नये.